मेंगाचं थडगं सूर्याकडे पाहतं की डोंगराकडे?

भटकी_बोरिवली :
दक्षिण स्पेनमध्ये अँतेकेरा गावाजवळ मेंगा नावाचं साधारण पावणेसहा हजार वर्षांपूर्वीचं दगडी थडगं आहे. छताची सर्वांत मोठी शिळा अंदाजे १५० टनांची. अशा थडग्यांविषयी काहीही वाचा, सूर्य आलाच. पण मेंगाचं दार सूर्योदयाच्या पट्ट्यात, म्हणजे वर्षभरात सूर्य क्षितिजावर जिथे जिथे उगवतो त्या भागात, बसतच नाही. उत्तर शून्य आणि पूर्व ९० अंश धरली तर त्या अक्षांशावर सूर्य उत्तरेकडे सरकून सरकून ६० अंशांपर्यंत उगवतो, आणि दाराची दिशा ४५ अंशांच्या आसपास. त्या रेषेत उभा आहे पेन्या दे लोस एनामोरादोस, उताण्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा एकटा डोंगर. त्याच्या त्याच बाजूच्या कड्यात प्रागैतिहासिक चित्रंही आहेत.

माझं ठाम मत आहे की बांधणाऱ्यांनी डोंगर आधी निवडला. कल्याण सोडल्यावर मलंगगड दिसला की नजर आपोआप तिकडे जाते ना? मग जी माणसं जन्मभर त्या डोंगरासमोर राहिली, त्यांचं काय होत असेल! आकाशात उत्तर शोधण्याआधी दारात उभं राहून समोर बघायला हवं.

चाळकरी :
नाही पटत. दादरला आमच्या चाळीच्या जिन्यात नोव्हेंबरात दोन आठवडे मावळतीचं ऊन थेट तिसऱ्या मजल्याच्या दारापर्यंत येतं. बांधणाऱ्याने प्लॉटच्या कडेने भिंत घातली, एवढंच. सूर्य जुळला नाही तर डोंगर, डोंगर नसेल तर चंद्र, नाहीतर एखादा तारा. इतके पर्याय हाताशी ठेवले तर कुठलंही दार कशाच्या तरी समोर निघणारच.

अनघा_ठाणे :
एका दारावरून काही ठरत नाही हे खरं. म्हणूनच खगोलशास्त्राचे इतिहासकार मायकल हॉस्किन गावोगाव फिरून थडगी मोजत गेले. पोर्तुगाल आणि लगतच्या स्पेनमधल्या एकाच घडणीच्या १७७ थडग्यांची तोंडं सूर्योदयाच्या पट्ट्यात आहेत, एकही बाहेर नाही. तो पट्टा ३६० पैकी जेमतेम ६० अंशांचा! तुमचा जिना एक आहे हो, ही १७७ आहेत.

आणि आयर्लंडचं न्यूग्रेंज हे थडगं? तिथलं दार शिळेने बंद करत, म्हणून दारावर उजेडासाठी वेगळा झरोका ठेवलाय. २१ डिसेंबर १९६७ ला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, तिथे उत्खनन करणारे मायकल ओकेली पहाटे आत थांबले आणि उन्हाची तिरीप १९ मीटरच्या बोळातून थेट दालनात आली. झरोका उगाच कोण ठेवेल?

गोडबोले_काका :
संक्रांत पूर्वी डिसेंबरात येत असे, आता १४-१५ जानेवारीला येते. मग पाच हजार वर्षांत न्यूग्रेंजचा नेम चुकायला हवा होता. आज जुळतं, म्हणजे योगायोगच.

अनघा_ठाणे :
काका, संक्रांत सरकते ती राशी ताऱ्यांवरून मोजल्यामुळे, परांचनाने, म्हणजे पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू घुमतो त्याने. सर्वांत लहान दिवशी सूर्य क्षितिजावर कुठे उगवेल हे पृथ्वीचा अक्ष किती कललाय त्यावर ठरतं. तो कल २४ अंशांवरून २३.४ वर आलाय, बस्स. त्यामुळे आज उजेड सूर्योदयानंतर चार मिनिटांनी आत शिरतो, तेव्हा सूर्य उगवतानाच शिरायचा.

चाळकरी :
न्यूग्रेंज मान्य. झरोक्याला दुसरं कारण मलाही सुचत नाही. पण त्याने मेंगाचा डोंगर सिद्ध होत नाही. डोंगराकडे तोंड केलेली किती आणि डोंगर शेजारी असून पाठ फिरवलेली किती, दोन्ही मोजा. तोवर मी मानणार नाही.

भटकी_बोरिवली :
मोजायलाच हवीत. अँतेकेरातच मेंगाच्या शेजारचं विएरा सूर्योदयाकडे आहे आणि थोडं लांबचं एल रोमेराल एल तोर्काल डोंगराकडे. एकाच परिसरात दोन्ही तऱ्हा, म्हणून तर मला हे सोडवत नाही.

नागपूरजवळ जुनापाणीला महापाषाणयुगीन शिलावर्तुळं आहेत, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. डिसेंबरात विदर्भ एक्सप्रेसने जातेय. चाळकरी, चला. कंपास तुमच्या हातात. सगळ्या दिशा तुम्ही वहीत उतरवून होईपर्यंत मी क्षितिजाकडे बघणार नाही.