राजाराम बंधाऱ्याचं माप बघणं हा अविश्वास आहे का?

शाहूपुरीकर: कोल्हापुरात पंचगंगेच्या पुराची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. त्यावरची कालची पोस्ट सगळ्यांनी वाचली असेल. "पंचगंगेची पातळी तासातासाला बघणारा देवाच्या सार्वभौमत्वावर शंका घेतो. सामान हलवू नका, प्रार्थना करा." हे वाचून गप्प बसवत नाही. बायबलात प्रेषितांची कृत्ये 27 उघडा. वादळात सापडलेल्या तारवात 276 माणसं. एकही जीव जाणार नाही, असं देवदूतानं पौलाला आधीच सांगितलेलं. तरी 31व्या वचनात तोच पौल शताधिपतीला, म्हणजे रोमी सैन्याच्या अधिकाऱ्याला, बजावतो की खलाशी तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शेवट देवानं ठरवला, आणि तिथवर नेणारे खलाशीही त्यानंच ठरवले.

प्रार्थनाघर: सोयीचं वचन तेवढं काढलंत. 2 इतिहास 16:12 मधला आसा राजा? पायाला रोग झाला तर वैद्यांकडे गेला, परमेश्वराकडे नाही. लढाईला निघालेल्या गिदोनाचे 32,000 लोक देवानं 300 वर का आणले? आपल्याच हातानं सुटलो असं इस्राएलानं म्हणू नये म्हणून. आज मंडळी आधी मोबाईलवर पातळी बघते, मग गुडघे टेकते. उपवास प्रार्थनेला बाक रिकामे असतात, त्यावर कुणीच बोलत नाही!

शाहूपुरीकर: बाकांचा विषय वेगळा आहे, तो इथे ओढू नका. आसाचा दोष वैद्य नव्हता, देवाला टाळणं होता. आजारी हिज्कीया राजाला आणखी 15 वर्षं जगण्याचं वचन मिळालं, तरी यशया संदेष्ट्यानं अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. गिदोनाला थेट आज्ञा होती. सामान न हलवण्याची आज्ञा तुम्हाला कुठं मिळाली?

नागाळा पार्क: पूर आला की "तुमच्या हिताचे संकल्प" सांगणाऱ्या यिर्मया 29:11 चं कॅलेंडर पुढे करायचं, हे आधी बंद करा. त्याच्या आधीच्या दहाव्या वचनात बाबेलच्या बंदिवासाची 70 वर्षं लिहिलीत. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक बाबेलातच मेले. दोन वर्षांत सुटका होईल म्हणणारा संदेष्टा हनन्या खोटा ठरला. ज्याचं घर पाण्यात आहे त्याला स्तोत्र 13 वाचून दाखवा. "कोठवर?" हे विचारणंही विश्वासातलंच आहे.

सुतारवाडा: वचनं बरोबर असतील, पण मापाचं कुणी बोलेना. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. 43 ची वाट बघू नका, कारण जयंती नाल्यातून पाणी उलटं चढतं, नदी लांब दिसत असतानाच गल्ली भरते. वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. एकेका दरवाज्यातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. म्हणून 39 लाच चर्चमधली बाप्तिस्मा आणि लग्नाची रजिस्टरं वरच्या मजल्यावर न्या, मग बाजाची पेटी, अ‍ॅम्प्लिफायर. मेन स्विच बंद. पाणी ओसरल्यावर वायरमननं तपासल्याशिवाय चालू करू नका. रजिस्टर भिजलंच तर पानं ओढून सोडवू नका, फाटतात. उन्हातही नको, कागद आकसतो. टीपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवा.

प्रार्थनाघर: कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात 519.60 मीटरपर्यंत पाणी अडवतात, त्यानं इथला पूर वाढतो असा वाद आहे, त्यांना कोण विचारणार?

सुतारवाडा: तो वाद मिटेपर्यंत रजिस्टरं पाण्यात ठेवायची का?

प्रार्थनाघर: ठेवा म्हटलं नाही मी. हलवा. पण नहेम्या 4:9 मध्ये आधी प्रार्थना आहे, मग पहारा. हा क्रम सोडणार असाल तर माझा विरोध कायम.

शाहूपुरीकर: क्रम मान्य. पहारा मात्र रात्रंदिवस होता, तेही त्याच वचनात आहे. पोस्टीतलं "सामान हलवू नका" हे वाक्य आजच काढायला लावा. नदीकाठची माणसं ते वाचतायत.