किशोरीताईंचं ‘नाही’ मी आदर्श मानते. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई (धागाकर्ती)

गेली अठरा वर्षं मी गाणं शिकवते, अधूनमधून कार्यक्रम करते. गेल्या दिवाळीत आमच्या भागातल्या एका मंडळाने पहाटेच्या मैफलीला बोलावलं. पाच वाजता मी आणि साथीदार पोचलो. साडी बदलायला खोली नव्हती, म्हणून सतरंज्या ठेवतात त्या अंधाऱ्या खोपटात मोबाईलच्या उजेडात निऱ्या घातल्या. तानपुरे लावायला बसले तर साउंडवाला म्हणाला, “चालतंय हो ताई, एवढं कोणाला कळतंय.” बारा-पंधरा मिनिटं भटियार राग गायले असेन, तेवढ्यात पाहुणे आले. गाणं थांबवून त्यांचा सत्कार झाला. शेवटी शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह. मानधनाचं पाकीट नव्हतंच. तबल्याला आणि पेटीला मी पदरचे पैसे दिले.

मी तिथे काहीच बोलले नाही, आणि ते माझं मला फार लागलं. घरी येऊन शास्त्रीय गायिका किशोरी आमोणकरांचा भूप राग लावून बसले. ताई मैफल थांबवायच्या, कुजबुज ऐकून घ्यायच्या नाहीत, अटी घालायच्या, म्हणून लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणत. पण ते आलं कुठून? लहानपणी त्या माईंच्या, म्हणजे त्यांच्या आई आणि गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुऱ्यावर बसत. तेव्हा आईला काय वागणूक मिळाली ते त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, तुटपुंजी बिदागी. ते बघतानाच त्यांनी ठरवलं की आपण हे सोसायचं नाही. म्हणजे ताईंचं ‘नाही’ त्यांच्या एकट्यापुरतं नव्हतं. आई जे बोलू शकली नाही ते मुलगी बोलली.

माझ्यासाठी त्या गाण्याइतक्याच या ‘नाही’साठी आदर्श आहेत. पटतं का?

पारावरचा

नाही पटत. मी एका तालुक्याच्या गावात गेली बावीस वर्षं संगीतसभा चालवतो, तेव्हा दुसऱ्या बाजूने सांगतो.

तुमच्या बाबतीत झालं ते चूकच, त्यात दुमत नाही. मानधन न देता गायला बोलावणं ही सरळ फसवणूक आहे. पण करारीपणाचा आदर्श झाला की काय होतं ते मी भोगलंय. एका नामवंत गायिकेची (नाव घेणार नाही) आम्ही मैफल ठेवली. वर्गणी काढून, दोन दुकानदारांच्या पाया पडून पैसे उभे केले. बाई दोन तास उशिरा आल्या. गारठ्यात म्हातारी माणसं बसून होती. मध्येच एका आजोबांना खोकल्याची उबळ आली, तर बाईंनी गाणं थांबवून त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. आजोबा उठून गेले आणि परत कधीच सभेला आले नाहीत. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. ते आमच्या सभेचे पहिल्या वर्षापासूनचे सभासद होते हो.

ताईंचं गाणं अलौकिक होतं म्हणून लोकांनी त्यांचं सगळं घेतलं. पुढच्या पिढीने मात्र गाण्याआधी ताठाच उचलला. आदर्श घ्यायचाच तर माईंचा घ्या. १९०४चा जन्म, दहाव्या वर्षी आई गेली, नाटक मंडळीत कामं केली. जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची तालीम मध्येच तुटली तेव्हा त्यांचे भाऊ हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या, मग पुन्हा खाँसाहेबांकडे गेल्या. इतकं सोसूनही विद्या सोडली नाही.

तिन्हीसांज

पारावरचा, तुम्ही माईंचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. माझं माहेर सांगे तालुक्यातलं, कुर्डीपासून जवळच. कुर्डी आता साळावलीच्या धरणात आहे. दर मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ वर येतं, घरांचे चौथरे दिसायला लागतात आणि विस्थापित झालेली माणसं तिथे जमतात. मी आईबरोबर दोनदा गेले आहे. चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या असतात, आणि आमची आई एकेका चौथऱ्यापाशी थांबून ‘हे अमक्यांचं, हे तमक्यांचं’ असं सांगत पुढे जायची.

माईंचा सोशिकपणा आदर्श म्हणता तेव्हा मला विचारावंसं वाटतं, त्यांना दुसरं काय शक्य होतं? देवळाशी बांधलेल्या कलावंत समाजातली मुलगी. त्या काळी गाणाऱ्या बाईकडे लोक कोणत्या नजरेने बघत ते आमच्या घरातल्या बायकांना चांगलं माहीत होतं. गाणं ऐकायला सगळे हजर, आणि घरात पाटावर बसवायला कोणी तयार नाही. एवढं असून त्या मुंबईत राहिल्या, नवरा लवकर गेल्यावर तीन मुलं वाढवली आणि त्यातल्या एकीला अशी घडवली की जिने ऐकून घेणं बंद केलं. माईंना १९७४ साली पद्मभूषण मिळालं, त्या वेळी त्या सत्तरीत होत्या.

सोसणं ही माईंवर आलेली वेळ होती. ती त्यांची शिकवण होती असं आपण का धरून चालतो?

पश्चिमवारा

दोन्ही बाजू वाचल्या. मला वाटतं, चर्चा वागण्यावर अडकली आहे आणि गाणं बाजूला पडलंय.

किशोरीताईंचं सगळ्यात मोठं ‘नाही’ आयोजकाला नव्हतं, घराण्याच्या चौकटीला होतं. जयपूर-अत्रौलीची गायकी म्हणजे लयीशी घट्ट बांधलेला आकार, पेचदार तान, अनवट म्हणजे क्वचित गायले जाणारे राग. घरात साक्षात माईंची तालीम. तिथे चुपचाप तेच गात राहिल्या असत्या तरी थोर गायिका म्हणून नाव झालं असतं. पण ऐन तारुण्यात त्यांचा आवाज गेला. दोनेक वर्षं गाता येत नव्हतं. त्या काळात त्यांनी जो विचार केला त्यातून पुढचं गाणं आलं: संथ आलाप, लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं), प्रत्येक स्वर रागाच्या भावाशी लावून बघणं. अंजनीबाई मालपेकरांकडून त्या मींड शिकल्या, म्हणजे भेंडीबाजार घराण्याची विद्या जयपूरच्या घरात आली. जाणकारांनी नावं ठेवली, घराणं बिघडवलं म्हणाले. त्यांनी आपला रस्ता सोडला नाही, आणि वयाच्या सत्तरीनंतर ‘स्वरार्थरमणी’ हा ग्रंथ लिहून आपला विचार कागदावर मांडला.

एखाद्या शिष्येने आदर्श घ्यायचा तर तो हा घ्यावा. मानधनाची भांडणं कुठल्याही व्यवसायात असतात, त्यासाठी किशोरीताई कशाला हव्यात? रागावू नका रानजाई, पण तुमच्या लेखात तुम्ही भूप लावून बसलात, आणि त्या भूपाबद्दल एक ओळही लिहिली नाहीत.

रानजाई

@पश्चिमवारा, हे लागलं, आणि तुमचं बरोबर आहे. भूपाबद्दल लिहायला हवं होतं.

तर ऐका. भूपात अवघे पाच स्वर. माझ्या लहान विद्यार्थ्यांना मी पहिल्यांदा तोच शिकवते, त्यामुळे दिवसातून चार वेळा कानावर पडतो आणि कान बोथट होतात. ताईंचा गंधार ऐकला की मला दर वेळी कळतं की मी शिकवते तो गंधार अजून लागलेलाच नाही. त्या गंधारावर थेट जाऊन बसत नाहीत. अलगद पोचतात, आणि पोचल्यावर घाई नसते. त्या दिवशी मी तानपुरे लावत होते ते त्या गंधारासाठीच. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, नीट बोलली, खर्जाची खालची तार भरून आली तर त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो, आणि तेव्हाच गळ्यातला गंधार त्याच्याशी ताडून बघता येतो. “चालतंय हो ताई” म्हणणाऱ्याने माझी तीच दहा मिनिटं काढून घेतली.

म्हणून मला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. शांतता, वेळ, जुळलेली वाद्यं या मागण्या मोठेपणासाठी नाहीत. त्या नसतील तर गाणं होतच नाही.

@पारावरचा, त्या आजोबांचं वाचून वाईट वाटलं. असं वागणं मी आदर्श मानत नाही आणि कधी करणारही नाही.

नारायणगावची

मी शास्त्रीय गाण्यातली नाही, तरी लिहिते, कारण इथल्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली आहे: कलावंतीण ‘नाही’ म्हणू शकते.

आमच्या गावात पाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते. माझे वडील कधीमधी मध्यस्थी करायचे, त्यामुळे मी लहानपणी त्या राहुट्यांत बसले आहे. तक्त्यावर खडूने तारखा आणि गावांची नावं. एखादी तारीख मोकळी राहिली की मॅनेजर दिवसभर त्याच रकान्याकडे बघत बसायचा, कारण खेळ झाला नाही तरी सगळ्या फडाला जेवायला घालावं लागतंच. सत्तर-ऐंशी माणसं असतात एकेका फडात. अशा ठिकाणी ‘माझ्या अटी’ कोण घालणार?

आमचा आदर्श म्हणजे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. १९५७ला आणि १९९०ला राष्ट्रपतींच्या हातून सन्मान. त्यांचा तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे: दिवस भरलेले असताना नाचत होत्या, कळा आल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. लोकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला, असं म्हणतात. भाषणांत हा प्रसंग आला की टाळ्या पडतात. मला त्या टाळ्या सहन होत नाहीत. मी दोन बाळंतपणं काढली आहेत. त्या अवस्थेत बाईला उभं राहावं लागलं याची आपल्याला लाज वाटायला हवी. शेवटच्या आजारपणात त्यांची पैशावाचून किती ओढाताण झाली तेही सगळ्यांना माहीत आहे. २००२ साली त्या गेल्या, आणि नंतर सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

मग त्या माझ्या आदर्श कशा? बोर्डावरच्या ताकदीमुळे. मी त्यांना उतारवयात पाहिलं. गवळणीला नुसत्या उभ्या राहिल्या आणि कनातीतला गोंगाट खाली बसला. तेवढं मी घेते. सोसण्याची गोष्ट मी माझ्या पोरींना आदर्श म्हणून सांगत नाही. सांगते तेव्हा ‘असं कुणावर येऊ नये’ म्हणून सांगते.

पारावरचा

@नारायणगावची, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी वर ‘इतकं सोसूनही’ असं माईंबद्दल लिहिलं ते आता मला टोचतंय. कौतुक म्हणून लिहिलं होतं. तरीही माझा मूळ मुद्दा सोडत नाही. न भांडताही बायकांनी रस्ते केलेत. हिराबाई बडोदेकर बघा. गाणारी बाई म्हणजे खाजगी बैठकीतली, असा समज असताना त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. साधी नऊवारी, हावभाव नाहीत, गोड आवाज. त्यांच्यामुळे घरंदाज मुली गाणं शिकायला लागल्या असं आमच्या आजीच्या पिढीतले सांगत. कुणाला दुखावल्याचं एक उदाहरण ऐकलं नाही.

तिन्हीसांज

हिराबाईंबद्दल आदरच आहे. पण तिकीट लावणं हे भांडण नव्हतं असं कसं म्हणता? ‘माझं गाणं ऐकायचं तर पैसे मोजून, खुर्चीवर बसून, चार लोकांत ऐका’ असं त्या काळच्या शौकिनांना सांगणं म्हणजे केवढं मोठं ‘नाही’ होतं. त्यांनी ते हसून सांगितलं एवढंच. केसरबाई केरकरांनी ते मानेनेच सांगितलं, किशोरीताईंनी आवाज चढवून सांगितलं. आपल्याला हसणाऱ्या बाईचा नकार आवडतो, त्यात त्रास कमी होतो.

आणि एक राहून जातंय. ‘अवघा रंग एक झाला’ आपण सगळे किशोरीताईंच्या आवाजात ऐकतो, डोळे मिटतो. तो अभंग सोयराबाईंचा आहे, चोखोबांच्या पत्नीचा. देवळाच्या पायरीच्या आत जिला येऊ दिलं नाही तिने तो रचला. मी कित्येक वर्षं ऐकत होते आणि कोणाचा आहे हे विचारलंही नव्हतं. माझ्यासाठी आदर्श बायकांची रांग तिथून सुरू होते.

पश्चिमवारा

रानजाई, गंधारावर लिहिलंत त्याबद्दल आभार. माझं म्हणणं थोडं मागे घेतो, सगळं नाही. आदर्शाच्या नावाखाली आपण कलाकाराचं चरित्र वाचत बसतो आणि रियाज राहतो, ही माझी तक्रार कायम आहे. माझ्या स्वतःच्या मुलीला मी हेच सांगतो आणि ती माझ्याशी भांडते. परवा ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला कधी कोणी कपडे बदलायला जागा आहे का हे विचारावं लागलंय?” उत्तर देता आलं नाही.

रानजाई

तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

एक कळवायचं राहिलं. त्याच मंडळाचा यंदा पुन्हा फोन आला होता. मी चार गोष्टी सांगितल्या: साथीदारांचं मानधन आधी, कपडे बदलायला आतून कडी असलेली खोली, वाद्यं लावायला अर्धा तास आणि गाणं सुरू असताना सत्कार नाही. बोलताना हात थरथरत होता. ते म्हणाले, बघून सांगतो. तीन आठवडे झाले, फोन नाही. बहुतेक दुसऱ्या कोणाला बोलावलं असेल. वाईट वाटलं, कारण पहाटेचं गायला वर्षातून एकदाच मिळतं.

पारावरचा

रानजाईताई, आमची सभा लहान आहे. पाकीट मोठं नसेल, पण ते आदल्या दिवशी हातात देईन. ग्रीन रूम म्हणजे शाळेचा एक वर्ग आहे, त्याला आतून कडी नाही, ती या आठवड्यात बसवून घेतो. माघात सकाळची मैफल ठेवतोय, याल का? माझी एकच अट आहे: वेळेवर सुरू करायचं. आमची म्हातारी मंडळी लवकर येऊन बसतात.

रानजाई

येते. अर्धा तास आधी नाही, तासभर आधी पोचेन. आणि त्या आजोबांचा पत्ता असेल तर त्यांना माझ्या नावाने निमंत्रण धाडाल का?