वारस नोंदीचा अर्ज महापालिकेने 'निकाली' काढला, अपील करू का नवीन अर्ज टाकू?

खिडकी_नंबर_चार

मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. वडील गेल्यानंतर घराच्या मालमत्ता कराच्या रेकॉर्डला आईचं, माझं आणि बहिणीचं नाव लावायला महापालिकेत अर्ज दिला होता, मृत्यू दाखला, शेवटची कराची पावती, वारसांचं प्रतिज्ञापत्र सगळं जोडून, आवक शिक्क्याची पोच पण आहे. बरेच दिवस सामसूम आणि आता पोस्टाने पत्र आलं, मजकूर जसाच्या तसा देतो: "विषयांकित प्रकरणी आवश्यक कागदपत्रांची पूर्तता नसल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." संपलं. कुठलं कागदपत्र, कुठला नियम, काही नाही, खाली सहीची वेलांटी आहे पण नाव लागत नाही.

कर विभागात गेलो तर क्लार्क म्हणतात अपील-बिपीलच्या भानगडीत पडू नका, नवा अर्ज टाका, बघू. आईचं पण तेच, साहेबलोक चिडतील आणि फाईल कायमची खाली जाईल. वकील लागतो का याला? आणि पत्रावरची तारीख बरीच जुनी आहे, हातात आत्ता पडलं, मग मुदत कुठून धरायची?

आवक_जावक

वकील लागत नाही. वारसा हक्काने मालमत्ता हस्तांतरणाची नोंद ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित केलेली सेवा आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत एकतर नोंद करून द्यायची नाहीतर लेखी कारणं देऊन नाकारायचं. नुसतं नाकारून पण भागत नाही, अपील कोणाकडे करायचं, त्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि किती दिवसांत करायचं हे पण कळवावं लागतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही. अपिलाचा पहिला मुद्दा हाच घ्या, बाकी रडगाणं नंतर.

पहिलं अपील कलम 9 खाली, नकाराचं पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत. मिळाल्यापासून, पत्रावरच्या तारखेपासून नाही. म्हणून पाकीट फेकू नका!! त्याच्यावरचा पोस्टाचा शिक्का हाच तुमचा पुरावा, झेरॉक्स काढून अपिलाला जोडा. 30 दिवस उलटले तरी सबळ कारण असेल तर 90 दिवसांपर्यंत घेऊ शकतात, पण ते त्यांच्या मर्जीवर, त्या भरवशावर राहू नका.

साधासरळ

माझं मत वेगळं. हक्क वगैरे ठीक आहे पण तुम्हाला नोंद हवीय का भांडण? आमच्या सोसायटीत दोघांनी मुकाट्याने नवे अर्ज दिले, झालं काम. अपिलात सुनावणीची तारीख, मग साहेब मीटिंगला, मग पुढची तारीख. राहायचं आपल्याला इथेच, रोज त्याच ऑफिसात जायचंय.

आवक_जावक

@साधासरळ काम झालं तर आनंदच आहे हो. पण नवा अर्ज दिला की मुदतीचं घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि कोणतं कागद कमी होतं हे अजून कोणी लिहून दिलेलंच नाही, मग दुसरा अर्ज पण त्याच एका ओळीने परत येऊ शकतो आणि तोवर पहिल्या नकारावरच्या अपिलाची मुदत गेलेली असते. क्लार्क तोंडी काय म्हणाले ते कुठल्याच फाईलला लागत नाही. पाहिजे तर दोन्ही करा, अपील मुदतीत टाकून ठेवा आणि नोंद होऊन हातात आली की मागे घ्या. नुसता नवा अर्ज नको एवढंच म्हणतोय.

निवृत्त_हेडक्लार्क

आमची हयात असल्याच टेबलावर गेली म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे मूळ अर्जावर सह्या कोणाकोणाच्या आहेत? बऱ्याच वेळा मुलगा एकटाच सही करून अर्ज देतो आणि आई-बहिणीची संमती कागदावर नसते, टेबलवाला 'पूर्तता नाही' म्हणतो ते यालाच, फक्त लिहायचा कंटाळा. तिघांचीही नावं लावायची असतील तर बहिणीच्या हक्कसोडपत्राचा प्रश्नच येत नाही, ती हक्क सोडतच नाहीये. तिचं नाव वगळायचं असतं तर हक्कसोडपत्र रजिस्टर केलेलं लागलं असतं, शंभरच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केलेलं चालत नाही, लोक तेच घेऊन येतात आणि वाद घालतात.

दुसरं, वारसांतच वाद असेल तर अपील करून उपयोग नाही, महापालिका वारस ठरवत नाही, त्याला कोर्टात जावं लागतं. आणि कराच्या रेकॉर्डला नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असंही समजू नका, ती नोंद कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते.

खिडकी_नंबर_चार

काका, बरोबर पकडलंत, अर्जावर सही माझी एकट्याचीच आहे, प्रतिज्ञापत्रावर मात्र तिघांच्या आहेत. वाद काही नाही, बहीण उद्या येऊन सही करेल. मग आता अपिलात हे लिहायचं का लपवायचं?

निवृत्त_हेडक्लार्क

लपवता कशाला, फाईल त्यांच्यासमोरच असणार. सरळ लिहा की प्रतिज्ञापत्रावर तिघांच्या सह्या मूळ अर्जासोबतच होत्या, तरीही वेगळं संमतीपत्र हवं असेल तर ते या अपिलासोबत जोडत आहोत, त्रुटी आधी कळवली असती तर तेव्हाच दिलं असतं. सुनावणीत साहेबाला पण सोपं जातं, त्याला कोणाला चूक ठरवावं लागत नाही, 'पूर्तता झाली, नोंद घ्यावी' एवढा आदेश काढून मोकळा. साहेब चिडतात वगैरे आईंना सांगा तसं काही नसतं, अपील जातं ते वरच्या अधिकाऱ्याकडे आणि उत्तर द्यावं लागतं ते खालच्याला.

चहा_नंतर_या

थोडं विषयांतर, मला पण कर विभागाचंच पत्र आलंय पण माझी भानगड कर वाढवल्याची आहे, भाडेकरू ठेवला म्हणून आकारणी बदलली. हेच अपील चालेल का? आणि माहिती अधिकारात टाकलं तर?

आवक_जावक

नाही, तुमचा रस्ता वेगळा. मुंबई सोडून बाकी महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे, त्यात कलम 406 खाली कोर्टात अपील, मुदत फक्त 15 दिवस, आधी आयुक्तांकडे तक्रार करून तिचा निकाल लागलेला हवा आणि वादातली रक्कम भरलेली हवी. यात मात्र वकील गाठा, उद्याच. मुंबईला 1888 चा स्वतंत्र कायदा.

माहिती अधिकार हे अपील नव्हे, त्याने निर्णय फिरत नाही. पण फाईलवरच्या टिपणीची नक्कल मागायला उत्तम, 10 रुपयांत आकारणी का बदलली ते कळतं. उत्तराला 30 दिवस असतात, त्यामुळे त्याची वाट बघत अपील थांबवू नका.

@खिडकी_नंबर_चार पहिल्या अपिलात नाही झालं तर दुसरं 30 दिवसांत, आणि तिसरं सेवा हक्क आयोगाकडे 60 दिवसांत. चुकार अधिकाऱ्याला 500 ते 5000 दंडाची तरतूद आहे, पण पहिल्याच अपिलात दंड मागत बसू नका, नोंद मागा.

खिडकी_नंबर_चार

पाकीट सापडलं, रद्दीत गेलं होतं. शिक्का अर्धाच उठलाय पण तारीख वाचता येतेय. अपील कोणाच्या नावाने लिहायचं, आयुक्त का?

निवृत्त_हेडक्लार्क

आयुक्त नाही. कर विभागाच्या बाहेर लोकसेवा हक्काचा फलक लावलेला असतो, त्यावर सेवेसमोर पदनिर्देशित अधिकारी आणि त्यापुढे प्रथम अपिलीय अधिकारी असं पदनाम असतं, तेच लिहा. फलकाचा फोटो काढून ठेवा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.