एट्रिअल फिब्रिलेशनचा उपचार हृदयाच्या चेतांपासून सुरू व्हावा का?

स्पंदन (धागाकर्ता):
एट्रिअल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे अलिंदांचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे) एकसंध आकुंचन थांबून तेथे नुसती थरथर उरणे, हा केवळ हृदयाच्या स्नायूचा आजार समजला जातो. अधूनमधून झटके येऊन आपोआप थांबणाऱ्या एएफला तरी हृदयाची गती आपोआप सांभाळणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेचाही आजार मानावे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी रुग्णांमधील एक फरक फार पूर्वी दाखवून दिला होता: काहींना झटका झोपेत, विश्रांतीत किंवा भरपेट जेवणानंतर येतो, तर काहींना श्रमाच्या वा मानसिक ताणाच्या वेळी. पहिल्या प्रकारात हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस चेतेतून स्रवणाऱ्या ॲसिटिलकोलीनमुळे अलिंदाच्या पेशी पुढच्या ठोक्यासाठी लवकर तयार होतात. पण सर्वत्र सारख्या प्रमाणात नव्हे, आणि या विषमतेमुळेच विद्युतलहरींना गोल फिरत राहण्यास वाट मिळते. दुसऱ्या प्रकारात हृदयाला वेग देणाऱ्या अनुकंपी चेतांच्या प्रभावाने पेशींत कॅल्शियम साचते आणि अवेळी ठोके उमटतात. असे असताना झटका नेमका केव्हा येतो, हे रुग्णाला कितीदा विचारले जाते? रात्री झटके येणाऱ्याला सरसकट बीटा ब्लॉकर (अनुकंपी चेतांचा प्रभाव रोखणारे औषध) दिल्यास व्हेगसचेच पारडे जड होऊन त्रास वाढू शकतो.

तर्कसंगत:
आपण वर्णिलेली यंत्रणा मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. १९९८ मध्ये बोर्दो येथील मिशेल हायसागेर आणि सहकाऱ्यांनी ४५ रुग्णांमध्ये अवेळी ठोक्यांची ६९ उगमस्थाने शोधली, त्यांपैकी ६५ फुप्फुस शिरांमध्ये होती. या शिरांचा अलिंदाशी असलेला विद्युतसंबंध तोडणे हाच हृदयाची ऊती ठरावीक जागी निकामी करणाऱ्या आजच्या अ‍ॅब्लेशनचा पाया आहे, आणि त्यासाठी कोणत्याही चेतेचा विचार करावा लागला नाही.

हृदयावरील चेतागुच्छ (चेतापेशींचे पुंजके) मुद्दाम नष्ट करून काय साधते, हेही तपासले गेले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅफॅक्ट चाचणीत छातीतून दुर्बिणीने शस्त्रक्रिया केलेल्या २४० रुग्णांपैकी निम्म्यांचे चेतागुच्छही जाळण्यात आले. वर्षभरानंतर एएफ परतण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. उलट रक्तस्राव आणि पेसमेकरची गरज त्याच गटात अधिक दिसली. शिवाय अतिशय अल्पकाळाचे विद्युतस्पंद वापरणाऱ्या पल्स्ड फील्ड अ‍ॅब्लेशनमध्ये चेतागुच्छांना उष्णतेच्या पद्धतीपेक्षा कमी इजा होते, तरीही २०२३ च्या अ‍ॅडव्हेंट चाचणीत तिचे यश उष्णता वा शीत वापरणाऱ्या पद्धतींच्या तोडीचे ठरले. चेता इतक्या निर्णायक असत्या, तर त्या वाचवणारी पद्धत मागे पडायला हवी होती.

स्पंदन:
पल्स्ड फील्डचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. अ‍ॅफॅक्टमधील रुग्णांचा आजार मात्र बराच पुढे गेलेला होता. अनेकांचे एएफ आपोआप न थांबणारे होते. ज्या अलिंदात तंतुमय ऊती वाढून स्नायूच बदलला आहे, तेथे चेता शांत करून फार काही हाती लागणार नाही. याउलट २०१३ मध्ये कात्रित्सिस आणि सहकाऱ्यांनी झटक्यांच्या एएफच्या २४२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत फुप्फुस शिरांच्या विलगीकरणाला (विद्युतसंबंध तोडण्याला) चेतागुच्छांच्या अ‍ॅब्लेशनची जोड दिल्यावर दोन वर्षांनी ७४ टक्के रुग्ण एएफमुक्त होते. केवळ विलगीकरणाने ५६ टक्के, आणि केवळ चेतागुच्छ जाळून ४८ टक्के.

चेता जाळणे हा एकच मार्ग आहे, असेही मी म्हणत नाही. कानाच्या छिद्रापुढच्या उंचवट्यावर क्लिप लावून व्हेगसच्या शाखेला रोज तासभर सौम्य विद्युत उत्तेजन देण्याचा प्रयोग ५३ रुग्णांवर झाला असून, सहा महिन्यांनंतर उत्तेजन मिळालेल्यांतील एएफचा एकूण कालावधी तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला.

तर्कसंगत:
येथे विसंगती दिसते. व्हेगसमुळे एएफ होते असे आपण वर म्हटले, आणि आता त्याच व्हेगसला उत्तेजन देऊन ते आटोक्यात येते असे म्हणता.

स्पंदन:
फरक मात्रेचा आहे. हृदयाची गती मंद होण्याइतके तीव्र उत्तेजन प्राण्यांमध्ये एएफ घडवून आणते. त्याहून बरेच खालच्या पातळीचे उत्तेजन हृदयावरील चेतागुच्छांची सक्रियता दाबते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

रात्रपाळी:
मी रुग्ण आहे. माझे जवळपास सर्व झटके पहाटे झोपेत सुरू होत, पण मी नोंदवही दाखवेपर्यंत वेळेबद्दल मला कोणी विचारले नव्हते. औषध बदलल्यावर झटके कमी झाले. ते त्यामुळेच कमी झाले, असे मी खात्रीने सांगू शकत नाही. एक गोष्ट मात्र येथे सुटू नये असे वाटते: झटका व्हेगसमुळे येवो वा ताणामुळे, अलिंदात गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका वय, रक्तदाब, मधुमेह यांवरून ठरतो, आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे त्यानुसारच घ्यावी लागतात.

तर्कसंगत:
झटक्याची वेळ विचारावी आणि बीटा ब्लॉकर देताना ती ध्यानात घ्यावी, येथवर मी आपल्या दोघांशी सहमत आहे. त्याला खर्च नाही आणि अपायही नाही. चेतागुच्छ नष्ट करण्यास माझा विरोध कायम आहे, कारण तोडलेल्या चेता काही काळाने पुन्हा वाढू शकतात आणि त्या पूर्वीसारख्याच जुळतील याची शाश्वती नसते. कानावरील उत्तेजनाचा प्रयोग ५३ जणांचा आहे. तो काही शेकड्यांवर आणि अधिक काळ झाल्यास मी माझे मत पुन्हा तपासेन.