विषय: सवाना पिल्लू आणलंय, काही खात नाही

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

सर्वांना नमस्कार,
बेळगावात परत आलो तरी आपली मांजरवाल्यांची ईमेल लिस्ट सोडवत नाही. परवा बेंगळुरूहून सवाना जातीच्या मांजराचं पिल्लू आणलं. सर्व्हल या जंगली मांजरापासून ५व्या पिढीचं, १२ आठवड्यांचं. नाव बिजली. आल्यापासून कपाटामागं बसलीय. सासूबाईंनी दूध-भाकरी कुस्करून ठेवली, तिनं वरचं दूध तेवढं चाटलं आणि रात्रभर जुलाब. बाहेर पावसाची झड, घरभर ओल. ताई, तुमच्याकडं सवाना आहे ना? जीव थाऱ्यावर नाही माझा.

उत्तर:

अगं, दूध आधी बंद कर. आईपासून तुटलेल्या पिल्लाला गाई-म्हशीच्या दुधातली साखर पचत नाही. आज जुलाब थांबले नाहीत किंवा दिवसभर उपाशी राहिली, तर थेट जनावरांच्या डॉक्टरांकडं ने. एवढ्याशा जिवातलं पाणी लवकर आटतं. लसींचंही तेव्हाच विचार, रेबीजची लस याच वयात देतात.

भाकरीवर कुठलंच मांजर नीट वाढत नाही. सवाना तर आफ्रिकेतल्या सर्व्हलच्या वंशातली. १९८६ मध्ये सर्व्हल नर आणि पाळीव सयामी मांजरीचं पहिलं पिल्लू झालं, त्याचंच नाव पुढं जातीला पडलं. मांजराला टॉरिन नावाचं गरजेचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय निकामी होतात. चिकन उकडलं की बरंचसं टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी ओतून देऊ नकोस.

पण नुसत्या चिकनवरही ठेवू नकोस. आमच्या पहिल्या पिल्लाला मी मायेनं तेच घातलं. एकदा सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय दुमडला. एक्स-रेत हाडं धुरासारखी पुसट दिसत होती. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. मग शरीर ते हाडांतून ओढतं. तो पाय आठवला की अजून पोटात कालवतं.

म्हणून पिल्लांसाठीचं तयार पूर्ण खाद्यच मुख्य ठेव. जिथून आणलीस तिथं ती काय खायची ते विचार, आधी तेच दे. बदलायचं असेल तर ७ ते १० दिवसांत थोडं थोडं मिसळत जा. दिवसातून ४ वेळा, थोडं थोडं. वर चिकनचे दोन तुकडे चालतील, पण मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजलेलं हाडही नको.

तिला कपाटामागून ओढू नकोस. एकच कोरडी खोली दे, आत जुनी वाकळ टाक, शी-शूसाठी माती भरलेला ट्रे एका कोपऱ्यात, खाणं-पाणी दुसऱ्या. तू जमिनीवर बसून तुझं काम करत राहा. खिडक्यांना जाळी मात्र आजच लाव, या जातीची उडी फार उंच असते.

प्रेषक: टिळकवाडी, बेळगाव

ताई, डॉक्टरांकडं नेऊन आणलं, जुलाब थांबले. काल रात्री वाकळीवर आली, माझ्या पायाला नाक लावलं आणि वाटी चाटून पुसून संपवली. आज नळाच्या धारेत पंजा घालून बसली होती. सासूबाई आता रश्शाला फोडणी घालायच्या आधीच तिचे दोन तुकडे वेगळ्या पातेल्यात उकडायला टाकतात.