ऐकून घेणाऱ्या माणसाला एका शब्दात काय म्हणायचं?

आमचे साहेब महिनाअखेरीस निवृत्त होताहेत आणि मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. त्यांचा एक गुण त्यात यायलाच हवा. सही झालेल्या तक्त्यातही अगदी नव्या पोराने चूक काढली, तरी चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "दाखव बरं, कुठे ते." पटलं की स्वतःच्या हाताने खोडायचे. मी लिहिलं 'मनमोकळ्या स्वभावाचे'. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसायलाच लागल्या. "अहो, ते दिवसात दहा वाक्यं बोलत नाहीत!" 'खुल्या मनाचे' उसनं वाटतं. 'सहिष्णू' लिहिलं तर आम्ही त्यांना छळलं असं वाटेल. सुचवा काहीतरी.

पाटीपेन्सिल: बाईंचं बरोबर आहे. मनमोकळा म्हणजे आतलं बाहेर सोडणारा, तुम्हाला बाहेरचं आत घेणारा हवाय. आणि सहिष्णूत 'सह्' धातू आहे, सोसण्याचा. शंका रास्त.

काना मात्रा: ग्रहणशील?

जुना वाचक: ग्रहणशील विद्यार्थ्याला शोभतं, साहेबांना नाही. 'अनाग्रही' बघा. मत असतं, हट्ट नसतो. गंमत म्हणजे आग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह आणि तुमचं ग्रहणशील, सगळी एकाच 'ग्रह्' धातूची पोरं. ग्रह् म्हणजे घेणं आणि धरणंही. कुणी घेतो, कुणी धरून बसतो. 'उदारमतवादी' मात्र नको, एकदम रानडे-गोखल्यांच्या पंगतीत जाऊन बसतील.

पाटीपेन्सिल: मला वाटतं विशेषणाचा नादच सोडा. मराठीत ही गोष्ट क्रियापदात जास्त खुलते: ऐकून घेणं, पटणं, मान्य करणं. फक्त 'कबूल करायचे' लिहू नका, गुन्हेगार वाटतील. 'पत्करायचे'सुद्धा नको, त्यात नाइलाज येतो.

मी (प्रश्न विचारणारी): 'अनाग्रही'वर जवळजवळ शिक्का मारला होता. बाई म्हणाल्या, "म्हणजे घरी गेलं तर 'बसा'सुद्धा म्हणणार नाहीत?" गेला तोही. आता असं लिहिलंय: 'चूक कुणीही दाखवो, साहेब आधी ऐकून घ्यायचे, आणि पटलं की खोडरबर आमच्याआधी त्यांच्या हातात असायचं.' बाई दोनदा वाचून म्हणाल्या, चष्मा राहिला की. तो घालतेय.