‘वीरगळ’मधला ‘गळ’ कोणता?

प्रश्न : रस्त्याच्या कडेला, गावाच्या वेशीवर किंवा जुन्या देवळाच्या आवारात दिसणाऱ्या कोरीव स्मारकशिळांना ‘वीरगळ’ म्हणतात. यातल्या ‘गळ’चा मासे धरण्याच्या गळाशी किंवा गळ्याशी काही संबंध आहे का? दान मोडणाऱ्याला शिवी देणारे शिल्प असलेल्या शिळेला ‘गद्धेगाळ’ म्हणतात; त्यातही तोच शब्द आहे का?

उत्तर : त्या दोहोंशी संबंध नाही. हा ‘गळ’ कन्नडमधून आला. ‘कल्’ किंवा ‘कल्लु’ म्हणजे दगड. समासात ‘क’चा ‘ग’ होऊन ‘वीरगल्लु’ हा शब्द बनतो आणि मराठीने त्याचाच ‘वीरगळ’ केला. त्यामुळे ‘वीरगळाचा दगड’ ही द्विरुक्ती होते, आणि अभ्यासपूर्ण लेखनात तरी ती टाळावी असे मला मनापासून वाटते.

‘गळ’ या घटकात स्मारकाचा अर्थ मुळीच नाही, हे ‘धेनुगळ’वरून कळते. गाय आणि तिला पिणारे वासरू कोरलेली ही शिळा दानाची खूण असते. तिचा कोणाच्या मरणाशी संबंध नसतो. मरणाचा अर्थ ‘वीर’मुळे येतो आणि शिल्पही तेच सांगते : खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर स्मृतीच्या चिरंतनतेची ग्वाही देणारे चंद्रसूर्य. खाली गायी दिसल्या, तर तो गोधन राखताना पडला असे समजतात. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर मात्र नौकायुद्ध कोरलेले आहे.

‘सतीशिळा’ हा शब्द मराठीत संस्कृत वळणाने रुळला. कन्नडमध्ये तिलाही ‘मास्तिकल्लु’, म्हणजे महासतीचा दगडच म्हणतात.

पुरवणी : ‘गद्धेगाळ’बाबत दोन मते आहेत. काहीजण ‘गद्धेगळ’ असे लिहून त्यातही दगडच पाहतात, तर काहीजण ‘गाळ’ म्हणजे शिवी असे मानतात. दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी देणारे शिल्प त्या शिळेवर असते, म्हणून मला दुसरे मत अधिक पटते. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिळा याच प्रकारची असून तिच्यावरील मराठी लेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला गेला आहे. ही राजशासनाची शिळा आहे, म्हणून तिला वीरगळ म्हणू नये. शेंदराखाली शिल्प झाकले गेले असेल आणि प्रकार ओळखता येत नसेल, तर नुसते ‘कोरीव शिळा’ लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल.